एका छपराखाली

– हो हो, इथेच राहतात, ह्या काय त्यांच्या चपला, बघा ना नीट, त्यासाठीच तर कोर्टाने पाठवलंय तुम्हाला. लग्न नाही केलं आम्ही, तेव्हा एका छपराखाली राहत असलो तर मला बोलायचा हक्क, नाहीतर मी कोण? कोणी नाही. मग त्यांचा मुलगा बापाला हॉस्पिटलातून उचलून लांबच्या कुठल्या वृद्धाश्रमात टाकायला मोकळा. इतकी वर्षं फिरकला नाही, आणि आता झटका येऊन बापाची वाचा गेली तर आलाय मालक होऊन. शी. – तो टॉवेल? त्यांचाच. घडी मोडलेली नाही, मग? ओला फेकू पलंगावर, त्या म्हाताऱ्यासारखा? त्याच्या घरी जाऊन बघा एकदा – ओला टॉवेल गादीवर, पायाची नखं बशीत, कवळी चहाच्या कपात. आणि तोच कप विसळून माझ्यापुढे करणार. ऑपरेशन थिएटरात हत्यारं उकळण्यात जन्म गेला माझा, मला मळमळतं हो. म्हणून तर पहिल्या दिवशीच सांगितलं, संध्याकाळी ये, बस, बोल, जेव, आणि झोपायला आपापल्या घरी –

असं काय बघताय?

बरं, घ्या लिहून. चपला कालच आणल्या त्याच्या घरून. वकील म्हणाले, दोन-चार वस्तू मांडून ठेवा, कोण खोलात जातंय. पिशवीत लपवून आणल्या, चोरासारख्या, आणि माझीच मला किळस आली. पंधरा वर्षं ताठ मानेने सांगत आले – घरं दोन, माणसं एकमेकांची. माझी धाकटी बहीण नवऱ्याशी एका खोलीत राहून महिनोन्‌महिने बोलत नाही, तिच्याकडे चपला मोजायला जातं का कोणी?

तो नर्सच्या हातचं थुंकून टाकतो, साहेब. माझ्या हातचं खातो. लाळ गळते, अर्धा घास बाहेर येतो. परवा सगळं ओकला माझ्या अंगावर. मी पुसलं, पुन्हा भरवलं, आणि तशीच बसमधून घरी आले – दारात आल्यावर वास आला, तेव्हा कळलं मला. मला. – ह्याचं काय लिहाल? नाही ना जागा त्यात? नसणारच.

मग ‘राहत नाहीत’ लिहा आणि उठा. डबा भरायचाय मला. मुलगा हॉस्पिटलात पोचायच्या आत त्याला भरवून झालं पाहिजे.