लेसमधलं जाड फूल

टेलरच्या दुकानात माझ्यापुढे दोघं होते. आईचा लग्नातला गाऊन स्वतःच्या मापाचा करून घ्यायला आलेली मुलगी, आणि कोटाचं तुटलेलं बटण मुठीत धरून उभे असलेले एक आजोबा.

"मास्तर, बाहीच्या लेसमध्ये हे एकच फूल जाड दिसतंय. कापून टाका."

"थांब पोरी, बघू जरा. हे हातानं भरलेलं आहे."

"अहो आजोबा, अख्खी लेस मशीनची आहे."

"मशीनवर धागा तुटला की फूल अर्धंच राहतं. कारखान्यात ती फुलं भरायला बायका असायच्या. हे माझ्या बायकोनं भरलंय."

"कशावरून?"

"डावखुरी होती. टाका उलटा पडायचा. मुकादम रोज ओरडायचा, पण ऐकेल तर शपथ!"

"आजी आता...?"

"गेली. दोन महिने झाले."

"मग हे फूल तुम्हीच ठेवा ना. मास्तर देतील कापून."

"घरात तिच्या हातचं काहीच नाही गं. सगळं लोकांच्या लग्नांत गेलं."

"म्हणूनच म्हणते, घ्या."

"कापलं की उसवेल. शेवटची गाठ ती शेजारच्या फुलात अडकवायची. राहू दे. जाऊ दे तिला लग्नाला."