आवणीतली शिकवणी

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझा स्वतःचा गणिताचा तास मी धसईजवळच्या एका भातखाचरात ऐकलाय!

आवणीला, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, पोरं शाळेत येतात आणि पोरी रोपं लावायला जातात, हे आमच्याकडे ठरलेलंच. नववीत सहा पोरी. त्यातली रोज एकच यायची, तीही दर दिवशी वेगळी. मी म्हटलं, काय टंगळमंगळ चाललीय ही! नंतर चाचणी घेतली, तर पहिल्या सहा नंबरांत याच सहा जणी. रोज येणारी पोरं सगळी त्यांच्या मागं.

मला कॉपीचा संशय. रविवारी जाब विचारायला तडक शेतावर गेलो. सहाही जणी ओणव्यानं रोपं लावतायत, आणि मधली सविता माझं शनिवारचं समीकरण सांगतेय, थेट माझ्याच आवाजात, "कळलं का? नाय कळलं तर आत्ताच विचारा!"

मी बांधावरूनच विचारलं, "अगं, एकदाच ऐकून एवढं कसं लक्षात राहतं?"

सविता चिखलाचे हात झटकत म्हणाली, "सर, पोरं आपापल्यापुरतं ऐकतात. आमच्यातली जी येते, तिला सहा जणींचं ऐकायचं असतं. डुलकी कशी घेईल ती?"