पहिल्या साली कैची नाही

शेषराव : हात वर कर. अजून वर. बगलेत दाटते का?

पौर्णिमा : नाही बाबा.

शेषराव : मंग तोंड काहून असं केलं? तीन दिवस झाले एप्रन शिवून, आज पहिल्यांदा अंगात घातला तू. खिसा पाहिला का?

पौर्णिमा : पाहिला.

शेषराव : वाच ना मोठ्यानं. उस्तादले ऐकू दे.

पौर्णिमा : पौर्णिमा तायडे. खाली, फार्मसी.

वहाब उस्ताद : माशाल्ला! निळा धागा, बारीक टाका. शेषराव, माह्या दुकानातून निघून तुले वीस साल झाले, पण हात तोच हाय.

शेषराव : शिकवला तुमीच, उस्ताद. आता असं आहे, नागपूरच्या कॉलेजची सीट पाच वाजेपर्यंत पक्की करा लागते म्हणे. साडेतीन होऊन गेले. चाल पौर्णिमा, काढ मोबाईल. दाब ते बटण.

पौर्णिमा : नेट नाही येऊन राह्यलं.

शेषराव : आत्ता तं मेडशीहून तुह्या मामाचा फोटो आला. वावरात उभा राहून काढलेला.

पौर्णिमा : बाबा, मले फार्मसी नाही करायची.

शेषराव : अरे बाप्पा! मंग काय करायचं?

पौर्णिमा : माहीत नाही.

शेषराव : माहीत नाही म्हणजे?

पौर्णिमा : म्हणजे माहीतच नाही. महिना झाला विचार करून राह्यली. आज वाटते हे करावं, उद्या वाटते ते. जेवण जात नाही मले.

शेषराव : मंग विहारात बारावीच्या सत्काराले माईकवर कोण बोललं? आख्ख्या वस्तीसमोर?

पौर्णिमा : म्याच. माह्या आधीची पोरगी फार्मसी म्हणली, तिले टाळ्या पडल्या. मंग माईक माह्या हाती आला. पुढं काय बनणार, म्हणे. मले काही सुचलंच नाही, तं तेच म्हणून टाकलं.

वहाब उस्ताद : या अल्लाह.

शेषराव : अन् मी गिऱ्हाईकं धरधरून सांगून राह्यलो! त्या उकंडरावले तं दोनदा सांगितलं. मले काहून नाही बोलली तू?

पौर्णिमा : त्याच दिवशी बोलणार होती. दुकानात आली तं तुमी पांढरं कापड कापून बसले होते.

शेषराव : कापडाचं काय घेऊन बसली! मी बाप हाव तुहा.

पौर्णिमा : म्हणूनच तं भेव वाटला.

वहाब उस्ताद : रडू नको बेटी. इकडं ये, बस या स्टुलावर. दुसरं कुठं नंबर लागला का?

पौर्णिमा : अमरावतीले बीएस्सीले लागला, चाचा. तिथं पहिल्या वर्षी तीन विषय घेता येतात. केमिस्ट्री, बॉटनी अन् संख्याशास्त्र घेईन म्हणते. वर्षभर तिन्ही शिकायचे, मंग दुसऱ्या वर्षी त्यातला एक मुख्य धरायचा. त्याचीबी मुदत आजच आहे, पाचची. नागपूरचं बटण दाबलं तं चार वर्षं फार्मसीच.

शेषराव : म्हणजे सालभर नुसतं याच्यात पाय, त्याच्यात पाय? लोक विचारतील, पोट्टी कायची शिकून राह्यली? काय सांगू मी? पाहून राह्यली म्हणू?

वहाब उस्ताद : शेषराव, तू माह्या दुकानात आला तवा किती वर्षाचा होता?

शेषराव : सोळा. ते कायले आता?

वहाब उस्ताद : पहिल्या साली म्या तुले कैची दिली होती?

शेषराव : कैचीले हात लावू देत नव्हते तुमी. काज करा, बटण लावा, तुरपाई करा, इस्त्री मारा. एक दिवस पॅन्टवाल्याजवळ बसा, एक दिवस शर्टवाल्याजवळ.

वहाब उस्ताद : काहून? नव्या पोराचा टाका चुकला तं उसवता येते, पण कैची चुकली तं गिऱ्हाईकाचं कापड जाते. सालभर मी पाहत होतो, याचा हात कुठं रमते. अन् तुह्या बापानं मले काय सांगितलं होतं?

शेषराव : जाऊ द्या ना, उस्ताद.

वहाब उस्ताद : पोरीले ऐकू दे. बेटी, तुहा आबा म्हणे, माह्या पोराले कोटाचा कारागीर करा. लग्नाचे कोट शिवले पाहिजे त्यानं. अन् याच्या हातानं कोटाचा खांदा कधी धड बसलाच नाही! पण ब्लाऊजचं कापड हाती आलं, अन् पाहाच मंग. आज अख्ख्या कारंजातल्या बाया याच्या दुकानात येतात.

पौर्णिमा : मंग आबा काय म्हणले, बाबा?

शेषराव : त्याले म्या दोन महिने सांगितलंच नाही. कोटच शिवून राह्यलो, असं सांगत होतो.

पौर्णिमा : तुमीबी?

शेषराव : हसू नको. भेव कोणाले वाटत नाही?... तिथं एप्रन लागते का? अमरावतीले?

पौर्णिमा : लागते ना. केमिस्ट्रीले लागतेच.

शेषराव : काढ मंग, दे इकडं. उस्ताद, ती बारीक सुई सरकवा जरा. नाव राहू देतो, खालचं उसवतो. तू दाब बटण. नीट पाहून दाब, नागपूरचं नको दाबू.

पौर्णिमा : रागावले नाही ना तुमी?

शेषराव : रागावलो होतो, घटकाभर. आता तं मलेच हलकं वाटून राह्यलं. खरं सांगू? फार्मसीत काय शिकवतात असं कोणी विचारलं का मी टेप घेऊन त्याचं माप काढत बसत होतो. औषधाच्या दुकानापलीकडं मले काय माहीत!

पौर्णिमा : झालं! बाबा, झालं! हे पाहा, हिरवी खूण आली.

वहाब उस्ताद : मुबारक, बेटी.

पौर्णिमा : लय बरं वाटलं, चाचा. अन् मले भूक लागली, भलती भूक.

वहाब उस्ताद : मंग आलूबोंडे बोलाव, शेषराव. मलेबी दोन.

पौर्णिमा : बाबा, खिशावर नावाखाली आता काय लिहणार?

शेषराव : काहीच नाही. जागा ठेवून देतो. पुढच्या साली घेऊन ये.

(शेषरावचा फोन वाजतो.)

शेषराव : हॅलो. जय भीम, उकंडराव. हो, झालं ना पोट्टीचं, आत्ताच झालं... नाही, नागपूर नाही, अमरावती... काय बनणार? ते अजून तिले माहीत नाही... नाही हो, काही बिघडलं नाही. मजेत आहे. आलूबोंडे बोलावून राह्यलो तिच्यासाठी.