सावलीला गिऱ्हाईक

घरमालकीण: आधी ते मशीन थांबव, मग सांगते.

शिंपीण: एवढी बाही होऊ द्या, काकू. ऊन आहे तोवर सोलरवर फुकटात पळतंय बिचारं.

घरमालकीण: माझ्या मुलाने घर विकायला काढलंय.

(मशीन थांबते.)

शिंपीण: कुठलं घर?

घरमालकीण: हेच गं. आपल्याला दुसरं आहे कुठलं? भाडेकरूंनी जागा सोडायची म्हणतो. तू, वरची बाळंतीण, सगळ्यांनीच.

शिंपीण: पण दादा तर म्हणायचे, या भट्टीत कुत्रंसुद्धा राहणार नाही!

घरमालकीण: तेव्हा भट्टीच होती. तुझे काका उन्हाने जिन्यातच कोसळले, त्यानंतर तू गच्चीवर वेल चढवलीस. वेडी म्हटलं होतं मी तुला.

शिंपीण: सगळ्यांनीच म्हटलं होतं.

घरमालकीण: आणि मग सगळ्यांनीच लावल्या. धुण्याचं पाणी झाडांना, गच्चीगच्चीवर सोलर, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावली. आता दलाल गिऱ्हाइकांना हाताला धरून आणतो. ‘आत या, बघा कसं गार वाटतं!’

शिंपीण: म्हणजे माझीच वेल माझ्या मुळावर उठली. तुम्ही काही बोलला नाहीत?

घरमालकीण: काका गेल्यावर घर त्याच्या नावावर करून बसले. आता माझ्या शब्दाला वाटाण्याच्या अक्षता. बोलले, रडले, दिवसभर जेवले नाही. तर म्हणतो कसा, ‘आई, जेवून घे.’

शिंपीण: गल्लीतल्या सगळ्यांना गोळा करू या का?

घरमालकीण: कुणाला करशील? समोरच्या सुतारालाही मालकाने हेच सांगितलंय. झाडं लावणारे सगळे भाडेकरूच की गं. ऊठ. ती मोठी कात्री घे. कापून टाक वेल. विकू दे त्याला भट्टी!

शिंपीण: खरंच कापू?

घरमालकीण: मी सांगतेय ना! चल गच्चीवर.

शिंपीण: हळू काकू, कठडा धरा. दम लागेल.

घरमालकीण: लागू दे. हं, आलो. चालव कात्री... अगं, थांबलीस का?

शिंपीण: बाळंतिणीने बाळ झोपवलंय वेलीखाली.

घरमालकीण: मग उचलू त्याला.

शिंपीण: रात्रभर किरकिरत होतं. आत्ता कुठे डोळा लागलाय.

घरमालकीण: उठेपर्यंत थांबू.

शिंपीण: आणि उठल्यावर ती त्याला कुठे ठेवणार, काकू? तापल्या गच्चीवर?

घरमालकीण: ...ठेव ती कात्री खाली. कुठे जाशील गं तू?

शिंपीण: नदीपलीकडे पत्र्याच्या खोल्या आहेत. झाड एकही नाही.

घरमालकीण: तू लावशील.

शिंपीण: नाही लावणार. लावायचं, जीव लावून वाढवायचं, आणि सावली पडली की कुणीतरी दलालाला घेऊन येणार. तुम्ही कुठे राहणार?

घरमालकीण: तो नेतोय त्याच्याकडे. अकराव्या मजल्यावर. खिडक्या उघडायच्या नाहीत म्हणे तिथे. मला कोण विचारतंय?

शिंपीण: काकू, खाली कोण बोलतंय?

घरमालकीण: दलालच तो. गिऱ्हाईक आणलंय. वरच येतायत बघ. काय सांगू त्यांना?

शिंपीण: काय सांगणार? हळू बोला म्हणावं. बाळ झोपलंय.