मुखपृष्ठावरच्या मुलाचे आभारप्रदर्शन

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या गावप्रमुख नाकुम्बाबाई. आजचे सत्कारमूर्ती, तीन देशांच्या संयुक्त शिक्षण निधीचे समन्वयक मथियास साहेब. माझं बोलणं त्यांच्या भाषेत त्यांच्या कानात घालणारे जिल्हा शिक्षण कार्यालयाचे काचिंग्वे साहेब. शाळा समितीचे प्रमुख आणि, देवाच्या मनात असेल तर, माझे भावी मामेसासरे लिकोंग्वे मामा... मामा, खोकू नका, ‘मनात असेल तर’ म्हणालोय मी... आणि या नव्याकोऱ्या वर्गखोलीत घाम पुसत बसलेले माझे बंधू आणि भगिनी!

माझं आयुष्य नेमकं कोणत्या क्षणी बदललं, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणीतरी माझा फोटो काढला, त्या क्षणी.

मी तेव्हा गुडघाभर चिखलात उभा राहून याच खोलीच्या विटा पाडत होतो. तीन देशांचे पाहुणे आले होते. त्यातल्या एका बाईंनी फोन वर धरला आणि माझ्या नजरेतलं काहीतरी टिपलं. तो फोटो निधीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. खाली छापलं होतं, ‘शिक्षणावरील अढळ निष्ठा.’ कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेला मुलगा म्हणून आत दोन परिच्छेदही होते. उच्च शिक्षणाचा त्याग करून समाजासाठी चिखलात उतरलेला तरुण! माझ्या आईनं ते ऐकलं आणि विचारलं, “मावुतो, हा कोण रे?”

आज, साहेब निघालेच आहेत, तर खरं सांगतो. त्या फोटोत मी शिक्षणाकडे बघत नव्हतो. डोक्यावर पाण्याची बादली घेऊन तियान्जाने चालली होती, तिच्याकडे बघत होतो.

हसा. साहेबसुद्धा हसले. काचिंग्वे साहेब, मी एवढं बोललो आणि तुम्ही तीनच शब्दांत आटोपलंत? काय सांगितलंत? “तो आभार मानतोय”? उत्तम. चालू द्या.

तर मित्रहो, मी शिक्षक होण्याच्या कॉलेजात होतो. आत्याबरोबर या गावी एका लग्नाला आलो आणि त्या म्सांगूच्या झाडाखाली पहिलीचा वर्ग पाहिला. फळा खोडाला ठोकलेला. मुलं धुळीत. आणि एक मुलगी, हीच तियान्जाने, बिनपगारी शिकवत होती, आणि असं शिकवत होती की आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी पुढे बसून लिहून घ्यावं. मी परत गेलोच नाही. याला कुणी मूर्खपणा म्हणेल. माझे वडील म्हणालेच.

आपली रीत आपल्याला माहीत आहे. दोन्हीकडचे मामा बसतात, बोलतात, आणि नवरा मुलगा बायकोच्या गावी जाऊन राबतो. मी लिकोंग्वे मामांकडे गेलो. म्हटलं, “मामा, रानात राबतो.” मामा म्हणाले, “रानात माझे भाचे आहेत. तू शाळेच्या विटा पाड. गावानं विटा द्यायच्या असा त्या तीन देशांशी करार आहे, आणि गावाची कंबर दुखतेय.” मी विचारलं, “मग मला जावई म्हणून धरणार ना?” मामा म्हणाले, “आधी दोन हात म्हणून धरतो. ज्या दिवशी पोरं त्या खोलीत बसतील, त्या दिवशी तुझ्या मामाला घेऊन ये.”

आणि ती? ती बादली ओतता ओतता म्हणाली, “ए मावुतो, विटा सरळ पाड. तू माझ्याकडे बघत वाकड्या पाडशील आणि भिंत माझ्या पोरांवर यायची.”

सरळ पाडल्या. बघा ना भिंती!

आता आपल्याकडे दोन मामांचं एकमत व्हायला एक पावसाळा जातो. इथे तीन देश होते. एकानं भिंतींना पैसे दिले, दुसऱ्यानं छपराला, आणि तिसऱ्यानं पहिल्या दोघांवर देखरेख करायला. पहिल्याचे तज्ज्ञ आले. म्हणाले, खिडक्या खाली हव्यात, मुलाला बाहेरचं जग दिसलं पाहिजे. खिडक्या खाली केल्या. दुसऱ्याचे तज्ज्ञ आले. म्हणाले, खिडक्या वर हव्यात, मुलाचं लक्ष विचलित होता कामा नये. खालच्या बुजवल्या, वर पाडल्या. तिसऱ्याचे आले, दोघांचं ऐकून घेतलं, आणि राजधानीत बैठक होऊन सुवर्णमध्य निघाला : खिडक्याच नकोत, झरोके ठेवा. म्हणून तुम्ही घाम पुसताय. बुजवायच्या विटाही मीच पाडल्या. सहकार्य म्हणजे काय, ते मला माझ्या खांद्यांनी शिकवलं.

खोली पूर्ण झाली त्याला दुसरं वर्ष लागलं. पण उद्घाटन तिघांनी एकत्र करायचं, असं करारात आहे. एका देशाची सुट्टी असते तेव्हा दुसऱ्याचं अंदाजपत्रक असतं, आणि दोघं मोकळे होतात तेव्हा तिसऱ्याकडे निवडणूक लागते. भिंतीवर तीन झेंडे लावायचे आहेत, त्यातला मधला कुणाचा, हेही ठरायचंय. तोवर खोली ‘हस्तांतरित’ नाही. तोवर इथे फक्त शिक्षणविषयक बैठका घेता येतात. आपण घेतल्याच की! गेल्या थंडीत इथे बसून पाहुण्यांनी चर्चा केली, विषय होता, ‘वर्गाबाहेरची मुलं.’ मुलं वर्गाबाहेरच होती, त्यामुळे विषयाला धरून झालं. कोंबडीही चांगली शिजली होती.

अध्यक्षबाई, घड्याळ दाखवू नका, संपवतोच.

मथियास साहेब वाईट माणूस नाहीत. हे मी मनापासून सांगतो. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, “साहेब, पाऊस तोंडावर आलाय. म्सांगूचं झाड उन्हाळाभर सावली देतं आणि पाऊस आला की पानं टाकून मोकळं होतं. पोरं कुठं बसणार? जाताना चावी देऊन जा.” त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, काचिंग्वे साहेब साक्षीला आहेत. म्हणाले, “मावुतो, मी एकट्यानं उघडली तर बाकीचे दोघे दुखावतील. पुढच्या वर्षी संयुक्त पाहणी आहे.” आणि मग म्हणाले, “तू माझ्या जागी येणाऱ्या साहेबांबरोबर राजधानीत, लिलाँग्वेच्या कार्यालयात चल. तुझा चेहरा आमच्याकडे सगळे ओळखतात. उद्या छान बोल, म्हणजे झालं.”

पगार, मोटारसायकल, पंखा. मी धावत जाऊन तियान्जानेला सांगितलं. ती उसिपाची मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “जा की. तिथे छप्पर आहे.”

एवढंच. कुणी कानाखाली मारली असती तर मी उलट दोन दिल्या असत्या. याला उलट काय देणार?

म्हटलं, “उद्या समारंभाला तरी ये.” तर म्हणाली, “माझ्या पोरांच्या आधी मी त्या खोलीत पाय ठेवायची नाही. आणि उद्या शाळेचा दिवस आहे.”

म्हणून ती आत नाही. ती बाहेर आहे, झाडाखाली, आत्ता, या क्षणी. मी इथून दारातून तिला बघतोय. सकाळपासून आपल्याकडे पाच भाषणं झाली. दर वेळी आपण टाळ्या वाजवतो आणि ती खडू हातात धरून थांबते. टाळ्या संपल्या की ती पुन्हा त्याच अक्षरापासून सुरू करते. मघाशी काचिंग्वे साहेबांनी मुलांच्या उज्ज्वल भविष्यावर भाष्य केलं, तेव्हा फार वेळ थांबावं लागलं तिला.

लक्षात आहे, लक्षात आहे, माझ्या कामाचा मुख्य भाग अजून राहिलाय. आभार. भिंतींबद्दल पहिल्या देशाचे, छपराबद्दल दुसऱ्याचे, आणि देखरेखीबद्दल तिसऱ्याचे आभार. साहेबांचे आभार, प्रवास सुखाचा होवो, आणि त्यांनी देऊ केलेली नोकरी मी त्यांनाच साभार परत करतो. पुढच्या साहेबांना द्यायची चावी ताटात आहे, फुलांच्या शेजारी. मी तिला हात लावलेला नाही, सगळ्यांनी बघून घ्या, नाहीतर उद्या अहवालात यायचं.

लिकोंग्वे मामा, तुमची अट मला जमली नाही. पोरं या खोलीत बसली नाहीत. पण विटा पाडायचा साचा माझा स्वतःचा आहे, तो कुठल्याही करारात नाही. उद्यापासून त्या झाडाशेजारी भिंती घालतो, वर गवताचं छप्पर. त्याला देश लागत नाहीत, हात लागतात. खिडक्या किती उंच, ते पोरं सांगतील. पोरं तिथे बसली तर तुमची अट पुरी झाली असं धरायचं की नाही, ते तुम्ही आणि माझा मामा बघून घ्या... मामा, आता का नाही खोकत?

बोलता बोलता कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर मला तरुण म्हणून नव्हे, बिघडलेला म्हणून माफ करा. बिघडलेल्याला माफी लवकर मिळते.

माइक इथे टेबलावर ठेवतो. मागे ऐकू येतंय ना? माझा आवाज तसाही मोठा आहे. वाट द्या जरा, आजोबा, पाय आत घ्या. तुम्ही बसा, तुमचा कार्यक्रम चालू द्या, जेवण येतच आहे. थोडं उकडेल, त्याला इलाज नाही, खिडक्यांचं मी मघाशी सांगितलं.

काचिंग्वे साहेब, आता एकच वाक्य, आणि हे मात्र जसंच्या तसं सांगा साहेबांना. टाळ्या हळू वाजवा, बाहेर वर्ग चालू आहे. मी दार लावून घेतो.