थोरलीचं माप

आई: म्हणजे विचित्र माणसालाही ‘ऑड’, आणि जोडीतला एकच मोजा उरला तर तोही ‘ऑड’च?

धाकटी: हो. दोनाने भाग जात नाही तो आकडाही. आणि इंग्रजीच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, घरातली बारीकसारीक कामं असतात ना, त्यांनाही हाच शब्द.

आई: एवढ्या सगळ्याला एकच? भारी काटकसरी माणसं. मी एका कापडात इतकं बसवलं असतं, तर गिऱ्हाइकांनी पाय धरले असते.

धाकटी: मग बाईंनी प्रत्येकीला एक वाक्य करायला लावलं. मी मोज्याचंच केलं. दुसरं सुचलं होतं, ते गिळलं.

आई: खडू दे इकडे.

धाकटी: आई, तू पुन्हा कापड चौपदरी घालून कापलंस. हे बघ, दोन पाठी, चार बाह्या.

आई: हाताचं वळण गं. तुम्ही दोघी झालात तेव्हापासून एकीचं असं कधी बेतलंच नाही. असू दे, एक कुर्ता धुवायला पडला की दुसरा घालशील.

धाकटी: दुसरा नकोय मला. जो शिवशील तो नीट बसू दे.

आई: बसेल की. माप डोक्यात आहे माझ्या.

धाकटी: ते ताईचं आहे.

आई: जुळ्यांना कसली वेगळी मापं? थोरलीचं घेतलं की झालं.

धाकटी: ती मुकाट उभी राहायची आणि मी पळायचे, म्हणून झालं. ती गेल्यापासून वर्षभर तिच्याच मापाचं घालतेय. परवा मावशीने विचारलं, कपड्यांच्या आत आहेस ना गं? आता नोकरीवर जायचंय. नवं गाव, तिथे तिला कुणी पाहिलेलं नाही. टेप घे आणि माझं माप घे.

आई: मावशीकडून घेऊन ये. मी बेतते.

धाकटी: मावशीला साधं बटण शिवता येत नाही.

आई: तुझ्याजवळ उभं राहिलं की मला काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

धाकटी: ठाऊक आहे. वाढतानाही तू माझ्या ताटाकडेच बघतेस. पण मलाही आरशात तीच दिसते, आई. मी कुणाच्या नजरेआड होऊ?

(आई टेप उचलते.)

आई: ये अशी उजेडात. श्वास धरू नकोस. किती वाळलीस गं. मान वर कर. आणि उजवा खांदा कशाला पाडतेस?

धाकटी: पाडत नाही. तसाच आहे तो.

आई: कधीपासून?

धाकटी: पहिल्यापासून. तू शिवलेलं त्या बाजूने घसरायचं. शाळेच्या वाटेवर ताई टाचणी लावून द्यायची.

आई: आणि मला सांगितलं नाहीत दोघींनी?

धाकटी: दोघी सारख्या दिसलो की तू किती खूश असायचीस.

आई: हलू नकोस. या बाजूचं वेगळं घ्यावं लागेल.