तीन चमचे साखर

सकाळी सातला क्रेनचालकाने इन्सुलिन टोचून घेतलं आणि साखर वाढेल या धास्तीने पावाचा डबा न उघडताच बस गाठली. पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“मामी, मामांना काल झालं काय?”

“इन्सुलिन घेतलं नि जेवलेच नाहीत. मला विचारतात, ‘बाई, आपण कोण?’”

“मग?”

“साखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांत ओळखलं, भांडायलाही लागले.”

“चमचाभर साखरेने?”

“तीन. पस्तीस वर्षांचा संसार गं, तीन चमच्यांत परत आला. डॉक्टर म्हणाले, पाव काय, बटाटा काय, पोटात त्याची साखर होते. मेंदू तिच्यावरच चालतो. मी तिला वैरीण समजत होते.”

क्रेनचालकाने डबा उघडला. पाव सावकाश चावून संपवला, आणि मगच तो क्रेनची शिडी चढला.